समेवर वर उठणारे पाय: बरोक गायनातला नाच समजून घेताना

पाच-सहा गायक, चार तंतुवाद्यं, एक हार्पसिकॉर्ड, जमलं तर एखादा थिऑर्बो (लांब मानेचं, खर्जातलं तंतुवाद्य) आणि तीन-चार नर्तक. एवढ्या माणसांत सतराव्या शतकातला इंग्रज संगीतकार हेन्री पर्सेल याचा ‘डायडो अँड ईनिअस’ हा ऑपेरा उभा राहतो आणि तासाभरात संपतोही. जुन्या युरोपीय संगीतात रमलेल्या छोट्या संचांचा तो लाडका आहे, यात नवल नाही. खर्च बेताचा, जागा बेताची, आणि शेवटाकडे येणारा डायडोचा विलाप ऐकणाऱ्याला हमखास हलवतो. पण पैशांची ओढाताण सुरू झाली की पहिली कात्री लागते ती नर्तकांना. गाणारे हवेतच, वाजवणारे हवेतच. नाचाचं काय, वादकांनी तेवढे तुकडे वाजवले की काम भागलं, असा हिशेब.

हा हिशेब मला पटत नाही. बरोक काळातलं बरंचसं गायन नाचाच्या मापाने बेतलेलं आहे. नाच काढून टाकला की गाण्याची लय, ओळीची लांबी, कुठे थांबायचं आणि कुठे पुढे सरकायचं, हे सगळं अंदाजाने ठरवावं लागतं. नाचणारं शरीर समोर असलं की यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं तालमीतच मिळून जातात. ती कशी, हे ‘डायडो’च्याच आधाराने पाहू. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत नसली तरी अडणार नाही. मात्रा आणि सम म्हणजे काय, एवढं माहीत असलं की पुरे.

आधी नाच, मग ऑपेरा

‘बरोक’ म्हणजे ढोबळमानाने १६०० ते १७५० हा काळ. मॉन्टेवेर्दीपासून बाख आणि हँडेलपर्यंतचा. या काळात दरबारात वावरणाऱ्या माणसाला नाचता येत नसेल तर त्याची मोठीच पंचाईत. फ्रान्सचा चौदावा लुई १६५३ साली, अवघा चौदा वर्षांचा असताना, रात्रीवर बेतलेल्या एका लांबलचक दरबारी बॅलेत उगवता सूर्य होऊन नाचला. पुढे त्याने १६६१ साली नृत्याची राजेशाही अकादमी काढली. ऑपेराच्या अकादमीला परवानगी मिळाली ती त्यानंतर, १६६९ साली. नाच आधी आणि ऑपेरा मागून, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण फ्रेंच ऑपेराची सगळी घडण त्यातून आली.

ती घडण ज्याने पक्की केली तो ज्याँ-बातिस्त लुली मूळचा फ्लॉरेन्सचा, व्हायोलिन वाजवणारा आणि स्वतः उत्तम नाचणारा. १६७२ पासून पॅरिसच्या ऑपेराची सूत्रं त्याच्याकडे होती. त्याच्या ऑपेरांत प्रत्येक अंकात एक भाग गाणं आणि नाच यांच्यासाठी राखलेला असे: लग्न, विजयोत्सव, मेंढपाळांचा सण, पाताळातल्या राक्षसांचा धिंगाणा, काहीही. इथे एक गंमत आहे. समूहगान करणारे साधारण एका जागी उभे राहत आणि नाचणारे वेगळे असत, पण पात्रं एकच. मेंढपाळांचा आवाज गायकांकडे, मेंढपाळांचे पाय नर्तकांकडे. तीच धून आधी वाद्यांवर येई, नर्तक तिच्यावर नाचत, मग तीच शब्द घेऊन गळ्यातून येई. प्रेक्षकाला ते दोन वेगळे गट वाटतच नसत.

आजच्या छोट्या संचाला ही कल्पना फार उपयोगी पडते. वीस जणांचा कोरस आणि बारा नर्तक परवडत नाहीत, पण पाच गायक आणि तीन नर्तक मिळून एक जमाव होतो, हे तत्त्व जुनंच आहे.

मुलींच्या शाळेतला ऑपेरा

‘डायडो’ची कथा व्हर्जिलच्या महाकाव्यातल्या चौथ्या सर्गातली. ट्रॉय जळून गेल्यावर भटकत आलेला ईनिअस कार्थेजच्या विधवा राणीच्या, डायडोच्या, प्रेमात पडतो. ऑपेरात एक चेटकीण आणि तिच्या साथीदारणी कट रचतात. देवाचा निरोप्या असल्याचं सोंग घेतलेला एक आत्मा ईनिअसला ‘निघ’ म्हणून सांगतो, तो निघतो, आणि डायडो मरते. पर्सेलचं संगीत आणि नेहम टेट याचे शब्द.

या ऑपेराच्या प्रयोगाची जी छापील संहिता हाती आली आहे तिच्यावर सरळ लिहिलं आहे की तो चेल्सी इथल्या जोसायस प्रीस्ट यांच्या निवासी शाळेत तरुण मुलींनी केला. हा प्रयोग १६८९ च्या सुमारास झाला. प्रीस्ट हा धंद्याने नृत्यशिक्षक. लंडनच्या नाट्यगृहांत त्याचा दबदबा होता, आणि पर्सेलच्या ‘डायोक्लीशियन’, ‘किंग आर्थर’ आणि ‘द फेअरी क्वीन’ या १६९० ते १६९२ दरम्यानच्या मोठ्या नाट्यप्रयोगांतले नाचही त्यानेच बसवले. म्हणजे ज्या शाळेत ‘डायडो’ झाला तिथला मुख्य माणूस गाण्याचा मास्तर नव्हता, नाचाचा होता. ऑपेरा आधी दरबारासाठी लिहिला गेला असावा की काय यावर अभ्यासकांचे वाद आहेत, आणि ते चालू राहोत. प्रीस्टच्या शाळेत संगीतकार जॉन ब्लो याचा ‘व्हीनस अँड अडोनिस’ १६८४ साली झाला होता, तो आधी दरबारात झालेला होता. त्यामुळे शंकेला जागा आहे. पण शाळेतल्या प्रयोगाच्या संहितेत नाच ठासून भरलेले आहेत, याबद्दल वाद नाही.

जाता जाता: ब्लोचा ऑपेरा चेल्सीत झाला त्याच १६८४ साली तंजावरच्या गादीवर व्यंकोजीराजांचे चिरंजीव शहाजीराजे बसले. त्यांनी १७१२ पर्यंत राज्य केलं. ते स्वतः लिहीत. त्यांचा तेलुगू ‘पल्लकी सेवा प्रबंध’ तिरुवारूरच्या त्यागराजस्वामींच्या, म्हणजे तिथल्या शिवाच्या, सेवेसाठी रचलेला, गाणं, अभिनय आणि नृत्य एकत्र ओवलेला. ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटकही त्यांच्याच नावावर आहे. टेम्स आणि कावेरी यांच्यात काही देवाणघेवाण झाली असं मला मुळीच सुचवायचं नाही. पण गाणं एका खोलीत आणि नाच दुसऱ्या खोलीत, ही वाटणी त्या काळात दोन्हीकडे कुणाच्या डोक्यात नव्हती, हे मराठी वाचकाला वेगळं पटवून द्यायला नको.

आता ‘डायडो’च्या कागदपत्रांकडे. पर्सेलच्या हातचा स्कोअर, म्हणजे सगळे आवाज आणि वाद्यं यांचं लिहिलेलं संगीत, उरलेला नाही. सर्वांत जुनी उपलब्ध हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे आणि ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली, म्हणजे पर्सेल १६९५ साली वारल्यानंतर कितीतरी वर्षांची. संहितेतला नांदीचा भाग या प्रतीत नाहीच. त्याचं संगीत हरवलं. आणि नाचांची गळती तर जागोजागी आहे. पहिल्या अंकात संहिता सांगते: गिटारींवर शाकोन वाजवून नाच. दुसऱ्या अंकात पुन्हा गिटारींवर एका ठरावीक खर्जावरचा नाच. स्कोअरमध्ये दोन्हीचं संगीत नाही.

ते खरोखर हरवलं का? बहुधा नाही, ते लिहिलेलंच नसावं. शाकोन म्हणजे तीन मात्रांच्या चालीत पुन्हा पुन्हा फिरणारा स्वरांचा छोटा साचा. त्या काळचे गिटारवादक तो हाताला बसलेला असल्यासारखा वाजवत आणि त्यावर जागच्या जागी फेरफार करत. म्हणून आज एखादा संच तिथे गिटारवादकाला मोकळं सोडतो आणि नर्तकांना तीन-चार मिनिटं देतो, तेव्हा तो मूळ ऑपेरात भर घालत नाही. तो स्कोअरमधलं भोक बुजवतो. उलट स्कोअर आहे तसा वाजवून ‘आम्ही मूळ कृतीशी प्रामाणिक’ असं म्हणणारे संच संहितेतला एक तुकडा गाळून बसलेले असतात.

आणखी एक खूण. पहिल्या अंकात डायडोची सखी बेलिंडा आणि तिची जोडीदारीण डायडोला धीर देतात: घाबरू नकोस, तो वीरही तुझ्यावर प्रेम करतो. आधी दोघी गातात, मग तेच सगळे मिळून गातात. संहितेत या जागी सूचना आहे की हे समूहगान नाचायचं. समूहगानानंतर नाचा असं तिथे म्हटलेलं नाही, हेच नाचायचं. आता हे गाणं पाहा: तीन मात्रांची चाल, सगळे आवाज एकाच वेळी एकच अक्षर उच्चारतात, ओळी सारख्या लांबीच्या, आणि मुखडा फिरून फिरून येतो. नुसतं ऐकलं तर जरा बालिश वाटतं. बरेच गायक ते चटकन उरकूनही टाकतात. पण पाय टाकून बघितलं की त्या सारख्या ओळींचा उपयोग कळतो. एका ओळीत नर्तकांची एक आकृती पूर्ण होते, मुखडा आला की सगळे मूळ जागी. गाण्याचा साधेपणा हा नाचाच्या सोयीचा आहे.

पाऊल कागदावर कसं उतरतं

तीनशे वर्षांपूर्वीचा नाच आज कुणाला कसा कळणार, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका पुस्तकात आहे. राऊल-ओजे फ्योये याने १७०० साली पॅरिसमध्ये नाच लिहून ठेवण्याची पद्धत छापली. पद्धत मुळात लुईचा नृत्यगुरू प्येर बोशाँ याने बसवलेली. फ्योयेने श्रेय लाटल्याची तक्रारही बोशाँने केली, पण निकाल बोशाँच्या विरुद्ध गेला. म्हणून आज दोघांचं नाव जोडून घेतात. १७०६ साली जॉन वीव्हर याने पुस्तक इंग्रजीत आणलं.

पान म्हणजे नाचाची जमीन, वरून पाहिलेली. पानाची वरची कड म्हणजे समोरची बाजू, जिथे राजा बसायचा. वर त्या नाचाची धून लिहिलेली. खाली एक वळणदार रेघ: नर्तक कुठून कुठे जाणार तो मार्ग. त्या रेघेच्या दोन्ही अंगांना उजव्या-डाव्या पावलांच्या खुणा. पावलाला छोटं शेपूट जोडून गुडघा वाकवणं, टाचा उचलून उठणं, उडी, घसरतं पाऊल, वळण हे सगळं दाखवतात. मार्गाला आडव्या छेदणाऱ्या बारीक रेघा म्हणजे धुनेतले बार (ठरावीक मात्रांचे खंड), त्यामुळे कोणतं पाऊल कोणत्या बारमध्ये हे पक्कं कळतं. हात मात्र फारच क्वचित लिहिलेले सापडतात. त्यांच्यासाठी प्येर रामो याच्या १७२५ च्या नृत्यशिक्षणाच्या पुस्तकाकडे जावं लागतं.

अशा लिखाणातून तीनशेहून जास्त नाच उरले आहेत. त्यांत लुलीच्या १६८६ सालच्या ‘आर्मीद’मधल्या प्रसिद्ध पासाकाईचाही (शाकोनच्या जवळचा नाचप्रकार) नाच आहे, गिलॉम-लुई पेकूर याने एका नर्तकीसाठी बांधलेला. प्रीस्टने बांधलेला एक मिनुएटही (तीन मात्रांच्या चालीतला दरबारी नाच) उरला आहे, बायकांच्या समूहासाठीचा, १७११ साली लंडनमध्ये छापलेला. ‘डायडो’तला एकही नाच लिहिलेला सापडत नाही. म्हणून आजचे नृत्यरचनाकार त्या काळचं शब्दभांडार घेतात आणि वाक्यं स्वतः रचतात.

सम आली की वर

आता मुख्य गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात रसाळ. कथकमध्ये समेवर पाय जमिनीवर पडतो. घुंगरांचा आवाज, तबल्याची थाप आणि नर्तकाचं थांबणं एकाच क्षणी. वजन खाली येतं. आपल्या कानाला आणि डोळ्याला हीच सवय, त्यामुळे बरोक नाच पहिल्यांदा पाहताना काहीतरी उलटं चाललंय असं वाटत राहतं. कारण तिथे गुडघे वाकतात ते समेच्या आधीच्या मात्रेवर, आणि सम आली की शरीर वर उठतं, टाचा जमिनीपासून सुटतात. जोराची मात्रा म्हणजे उचल. आपटणं जवळजवळ नाहीच. तेही मऊ, टाचेच्या बुटांत.

याचा गाण्याशी संबंध काय? पहिली मात्रा ही उचल आहे हे कळलं की व्हायोलिनवाला तिच्यावर दाबून गज ओढत नाही. स्वर सुरू होतो आणि लगेच हलका होतो. गायकही अक्षर ठोकत नाही. आणि समेच्या आधीची मात्रा, जी कागदावर दुय्यम दिसते, ती महत्त्वाची ठरते, कारण नर्तक तिच्यावर वाकून तयारी करतो. गायकाचा श्वासही तिथेच. वाकणं आणि श्वास घेणं एकाच वेळी होतं. मोठ्या वाद्यवृंदात ही खूण हाताने द्यायला संचालक असतो. छोट्या संचात संचालक नसतो. पहिली व्हायोलिन किंवा हार्पसिकॉर्डवर बसलेला माणूस मान हलवतो. नर्तक असतील तर मान हलवायचीही गरज उरत नाही. गुडघा वाकला की सगळ्यांना कळतं.

मिनुएटचं उदाहरण घ्या. लिहितात तीन मात्रांच्या बारमध्ये. पण मिनुएटचं एक पूर्ण पाऊल दोन बार व्यापतं, म्हणजे सहा मात्रा. त्या सहा मात्रांत पावलं चार. एका प्रचलित पद्धतीत ती पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मात्रेवर पडतात. संगीत तीन-तीन मोजतंय आणि पाय त्यावर वेगळीच नक्षी काढतायत. सहा मात्रांचा दादरा आपल्या कानात असतो, त्यामुळे ही लांबी आपल्याला परकी नाही. परकं आहे ते पायांचं असमान पडणं. वादकाने प्रत्येक बारची पहिली मात्रा ठळक केली तर नर्तकाचं पाऊल मधोमध तुटतं. नर्तक समोर असेल तर वादक तसं करतच नाही. तो दोन बार एका श्वासात घेतो. पुस्तकं वाचून हे समजायला वेळ लागतो, तालमीत दोन फेऱ्यांत समजतं.

लयीचंही तसंच. पर्सेलच्या काळात लयमापक यंत्र नव्हतं. गाणं किती द्रुत, हे शब्दांवरून आणि चालीवरून ओळखायचं. आज ध्वनिमुद्रणांत एकच नाच कुणी भरधाव वाजवतं, कुणी सावकाश. माणसाच्या शरीराला मात्र मर्यादा आहेत. उडीतून खाली यायला जो वेळ लागतो तो लागतोच, आणि टाचा उचलून तोल सांभाळत किती वेळ थांबता येतं हेही ठरलेलं. वादकांना भरधाव जायचं असेल तर नर्तक पावलं खातो, फार सावकाश गेलं तर तो डगमगतो. योग्य लय या दोन टोकांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात असते.

विलाप आणि त्यानंतरची दोन आवर्तनं

डायडोचा शेवटचा विलाप हा नाच नव्हे, हे आधी स्पष्ट करतो. पण तो ज्या सांगाड्यावर उभा आहे तो नाचाच्याच घराण्यातला. खर्जात एक स्वरओळ पाच बार चालते: षड्जासारख्या मूळ स्वरापासून अर्ध्या-अर्ध्या सुराने खाली घसरत जाते, मग वळून परत मुळाशी येते. हीच ओळ अकरा वेळा वाजते, एक सूरही न बदलता. लेहऱ्यासारखी. लेहऱ्याचं काम काळ मोजण्याचं, आणि नर्तक-तबलजी त्याच्यावर आपला हिशेब मांडतात. इथे डायडो मांडते. फरक एवढाच की लेहरा आपला तटस्थ असतो आणि पर्सेलचा खर्ज स्वतःच खाली ओढत राहतो.

शिवाय हे आवर्तन पाच बारांचं. चार बारांची सवय असलेल्या कानाला ते नेहमी थोडं लांबल्यासारखं वाटतं. आणि डायडोच्या गाण्याच्या ओळी या आवर्तनाबरोबर संपत नाहीत. खर्ज नव्याने सुरू झालेला असतो तेव्हा ती अजून मागची ओळ पुरी करत असते. कधी ती थांबते आणि खर्ज पुढे जातो. पायांनी हे अनुभवायचं तर खर्जाच्या लयीत चालत राहावं आणि तोंडाने गाण्याची ओळ म्हणावी. शरीर आणि आवाज दोन वेगळ्या ठिकाणी संपतात. छोट्या संचात कधी एक नर्तक नुसता खर्जाबरोबर चालतो आणि गायिका स्थिर उभी राहते. एवढ्या साध्या युक्तीने, जे फक्त संगीत शिकलेल्याला ऐकू येतं ते सगळ्यांना दिसतं.

अकरातल्या पहिल्या आवर्तनात फक्त खर्ज असतो. शेवटच्या दोन आवर्तनांत डायडो गप्प असते आणि तंतुवाद्यं एकटी वाजतात. या दोन आवर्तनांचं करायचं काय, हा दिग्दर्शकांचा कायमचा प्रश्न. नुसतं गाण्याचं सादरीकरण असेल तर गायिका नजर खाली करून उभी राहते, आणि मला ते नेहमी अवघडलेलं वाटतं; तिचं काम संपलेलं दिसतं, पण संगीताचं संपलेलं नसतं. डायडोच्या मृत्यूला पर्सेलने वेगळं गाणं दिलेलं नाही. तो याच जागेत घडतो. ही जागा शरीरासाठी ठेवली आहे असं मी धरून चालतो.

त्यानंतर मदनमूर्तींना, म्हणजे पंख खाली झुकलेल्या क्युपिडांना, बोलावणारं समूहगान येतं आणि स्कोअर संपतो. संहिता मात्र संपत नाही. तिच्यात शेवटची सूचना आहे: क्युपिडांचा नाच. त्यासाठी वेगळं संगीत नाही. म्हणून काही संच समूहगान गाताना नाच करतात, काही ते एकदा गाऊन मग फक्त वाद्यांवर पुन्हा वाजवतात आणि तेव्हा नाचतात, काही जण नाच सोडूनच देतात. दुसरा मार्ग मला सर्वांत पटतो, कारण लुलीच्या पठडीतली ‘आधी एक, मग दुसरं’ ही पद्धत त्यात राहते, आणि शब्द ऐकून झाल्यावर प्रेक्षक मोकळ्या डोळ्यांनी नाच पाहू शकतो.

खलाशी, चेटकिणी आणि चकवा

सगळा ऑपेरा शोकाचा नाही, हे सांगायला हवं. चेटकिणींच्या गुहेतलं समूहगान प्रतिध्वनीचं आहे: एक तुकडा मोठ्याने, तोच पुन्हा हळू. लगेच येणारा नाचही प्रतिध्वनीचाच. गायकांनी जी युक्ती केली तीच नर्तक करतात. तीन नर्तक असले की एकाला मागे अंधारात उभा करायचा. पुढचे दोघे उडी मारतात, मागचा तीच उडी निम्म्या ताकदीने. खर्च शून्य.

तिसऱ्या अंकात ईनिअसचे खलाशी बंदरावर दारू झोकून, पोरींना ‘परत येऊ’ अशी खोटी वचनं देऊन निघायच्या बेतात असतात. गाणं मजेदार, मग नाच त्याहून मजेदार. पाय आपोआप ठेका धरतात आणि मग लक्षात येतं की ईनिअस राणीशी जे करणार आहे तेच आपण टाळ्या देत पाहतोय. त्याच अंकात संहितेत एक विचित्र सूचना आहे: हातात कंदील घेतलेला जॅक, म्हणजे आपल्याकडच्या चकव्याचा भाऊ, काही स्पॅनिश माणसांना वाट चुकवून चेटकिणींमध्ये नेतो. कार्थेजच्या किनाऱ्यावर स्पॅनिश कुठून आले? मला तर हा मुलींच्या शाळेतल्या पेटीत पडलेल्या कपड्यांचा उपयोग वाटतो, पण हा निव्वळ माझा तर्क.

आजचे संच

अठराव्या शतकाच्या अखेरीस हा नाच मागे पडला आणि फ्योयेची पानं ग्रंथालयांत राहिली. विसाव्या शतकात ती पुन्हा वाचली गेली. वेंडी हिल्टन यांनी न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या कलाशिक्षण संस्थेत ही शैली शिकवली. कॅथरीन टुरोसी यांनी १९७६ साली सहकारी नर्तिकेसह न्यूयॉर्क बरोक डान्स कंपनी सुरू केली. फ्रान्सिन लान्सलो यांनी फ्रान्समध्ये १९८० साली आपली कंपनी काढली. गायनाच्या बाजूने विल्यम क्रिस्टी यांनी १९७९ साली ‘ले आर्त फ्लोरिसाँ’ हा संच उभा केला. त्याचं नाव लुलीच्या काळातला फ्रेंच संगीतकार मार्क-आंत्वान शार्पांतिये याच्या एका छोट्या कृतीवरून घेतलेलं, जी १६८५ च्या सुमारास मादमोआझेल द गीझ या उमराव घराण्यातल्या बाईंच्या घरच्या गायक-वादकांसाठी लिहिली गेली होती. शार्पांतिये स्वतःही त्या घरच्या संचात गात असे. क्रिस्टी आणि लान्सलो १९८७ साली लुलीच्या ‘आतीस’साठी पॅरिसमध्ये एकत्र आले आणि त्या प्रयोगाने जुन्या फ्रेंच ऑपेराला नवा प्रेक्षक मिळवून दिला. तो मात्र मोठा, महागडा खेळ होता.

दुसरी वाट म्हणजे संगीत जुनं, नाच आजचा. अमेरिकन नृत्यरचनाकार मार्क मॉरिस यांनी १९८९ साली ब्रसेल्समध्ये ‘डायडो’ केला, त्यात गायक वादकांबरोबर बाजूला आणि रंगमंचावर फक्त नर्तक. राणी आणि चेटकीण या दोन्ही भूमिका मॉरिस स्वतः नाचले. २००५ साली जर्मन नृत्यरचनाकार साशा वॉल्ट्झ यांनी केलेल्या प्रयोगात एकेका पात्राला गाणारा वेगळा आणि नाचणारा वेगळा मिळाला, आणि सुरुवातीलाच नर्तक पाण्याने भरलेल्या काचेच्या टाकीत उतरले.

यांतलं खरं कोणतं, असा वाद जुन्या संगीताच्या मंडळींत जोरात चालतो. मला तो थोडा कंटाळवाणा वाटतो. फ्योयेची अचूक पावलं टाकूनही संगीताकडे लक्ष नसलेले नर्तक मी पाहिले आहेत. वेशभूषा सुरेख, आणि पाय गाण्याशी फटकून. मॉरिसच्या नाचात त्या काळचं एकही पाऊल नसलं तरी हाताची खूण नेमकी शब्दावर पडते आणि पुन्हा आलेल्या ओळीवर तीच खूण पुन्हा येते. मी बघतो ते एवढंच: नर्तकाला ओळ कुठे संपते ते ऐकू येतंय का.

छोट्या संचाच्या रोजच्या अडचणी यापेक्षा रुक्ष असतात. चर्चमध्ये आवाज छान घुमतो पण फरशी दगडी, गुळगुळीत. टाचेच्या बुटांत उडी मारली तर गुडघे जातात. लाकडी तक्ते अंथरले तर ते वाजतात आणि थिऑर्बो बुडतो. व्हायोलिनवाल्यांना वर बसवलं तर नाचायला जागा नाही, खाली बसवलं तर त्यांना पाय दिसत नाहीत, आणि पाय दिसणं हाच तर सगळा मुद्दा. बरेच संच शेवटी वादकांना एका बाजूला तिरके बसवतात, हार्पसिकॉर्डची शेपटी भिंतीकडे वळवून. गायकांना नाचायला लावण्याचा मोहही आवरावा लागतो. दोन-चार पावलं चालायला हरकत नाही, पण लांब ओळ गाणाऱ्याला उड्या मारायला लावलं की श्वास जातो आणि ओळ तुटते. चांगले संच गायकांना हातांची, नजरेची आणि वळण्याची भाषा देतात, उड्या नर्तकांकडे ठेवतात.

‘डायडो’ पहिल्यांदाच पाहणार असाल तर विलापापासून सुरू करू नका. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीचं खलाशांचं गाणं आणि नाच आधी लावा, आवाज बंद करून एकदा आणि आवाजासह एकदा. गुडघे कधी वाकतात ते बघा, आणि मग पहिल्या अंकाकडे जा.